आपला कोण, परका कोण : स्लाइम मोल्डच्या पेशी हे कसं ठरवतात?

अगरप्लेट (कोथरूड)

मुंग्यांच्या धाग्यावर एका प्रतिसादात वाक्य होतं, "आपला आणि परका ओळखायला थोडा तरी मेंदू हवाच." तिथेच उत्तर लिहिलं असतं तर मुंग्या बाजूला पडल्या असत्या, म्हणून हा वेगळा धागा. मेंदू नाही, एक चेतापेशी नाही, अख्खा जीवच एका पेशीचा, आणि तरीही तो आपल्या वाणाचा कोण नि दुसऱ्या वाणाचा कोण हे ओळखतो. कुठली दोन प्रथिनं हे काम करतात, ती एकमेकांना कशी धरतात, धरल्यावर पेशीच्या आत काय होतं, इथपर्यंत आता माहिती आहे. मी पेशीजीवशास्त्र शिकवते. अभ्यासक्रमात या जीवाला जेमतेम एक परिच्छेद मिळतो, त्यामुळे इथे हात सैल सोडून लिहिते.

हा जीव म्हणजे मातीतला एक स्लाइम मोल्ड, नाव डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम. लॅबमध्ये सगळे 'डिक्टी' म्हणतात. केनेथ रेपर यांनी तो १९३३ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या जंगलाच्या पालापाचोळ्यातून मिळवला आणि १९३५ साली नवी जात म्हणून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. मातीत एकेकटा अमीबा म्हणून राहायचं, बॅक्टेरिया खायचे, एकाचे दोन व्हायचे, असा त्याचा दिनक्रम. खाणं संपलं की सगळं बदलतं. उपाशी पेशी सायक्लिक एएमपी नावाचा रेणू बाहेर सोडतात. शेजारच्या पेशी त्याच्या दिशेने सरकतात आणि स्वतःही तोच रेणू सोडतात. लाटेमागून लाट जाते, पेशींच्या धारा तयार होतात आणि एका केंद्राकडे वाहू लागतात. हजारो, कधी लाखभर पेशींचा ढीग जमतो. त्यातून काही मिलिमीटर लांबीचा, सरपटणारा 'स्लग' बनतो, उजेडाकडे जातो, आणि शेवटी एक बारीक देठ व त्याच्या टोकाला बीजाणूंचा थेंब असं रूप घेतो. उपासमार सुरू झाल्यापासून इथपर्यंत साधारण २४ तास.

देठातल्या पेशी मरतात. पाचातली साधारण एक पेशी देठात जाते, उरलेल्या बीजाणू होऊन पुढे जगतात. सगळ्या पेशी एकाच पूर्वज पेशीच्या असतील तर हिशोब सरळ आहे, कारण मरणाऱ्या पेशीची जनुकं बीजाणूंतही आहेतच. पण मातीच्या त्याच चिमटीत दोन वेगळे वाण असतील तर? एखादा वाण देठाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारून स्वतः बीजाणूंमध्ये घुसू शकतो. असे फुकटे वाण प्रयोगशाळेत सापडलेले आहेत. २००० साली वर्णन झालेला एक उत्परिवर्तित वाण एकटा वाढवला तर त्याला धड बीजाणू करता येत नाहीत, पण साध्या वाणात मिसळला की बीजाणूंमध्ये आपल्या वाट्यापेक्षा जास्त जागा पटकावतो. तेव्हा सोबत मरण्याआधी सोबती कोण आहे हे तपासणं भाग आहे, आणि डिक्टी ते चिकटण्यातून तपासतो.

चिकटण्यासाठी त्याच्याकडे एकामागून एक येणारी प्रथिनं आहेत. उपासमार सुरू झाल्यावर लवकरच डीडीकॅड-१ येतं. त्याला कॅल्शियम लागतं. द्रावणात कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए घातलं की ही पकड सुटते. धारा वाहू लागतात तेव्हा जीपी८० येतं, त्याच्यावर ईडीटीएचा परिणाम होत नाही. ही दोन्ही सारख्याला सारखं धरतात, म्हणजे या पेशीवरचं जीपी८० त्या पेशीवरच्या जीपी८०ला. ढीग जमू लागतो तेव्हा तिसरी पकड येते आणि तिची रीत निराळी आहे. इथे दोन वेगवेगळी प्रथिनं लागतात : टीजीआरबी१ आणि टीजीआरसी१. पुढे नुसतं बी१ आणि सी१ म्हणते. दोन्ही पेशीपटलाच्या आरपार गेलेली असतात, आणि बाहेर आलेल्या भागाची घडी आपल्या प्रतिपिंडांच्या घडीच्या जातकुळीतली असते. या पेशीचं बी१ त्या पेशीच्या सी१ला धरतं, आणि त्या पेशीचं बी१ या पेशीच्या सी१ला. प्रत्येक पेशीकडे दोन्ही असतात.

ही दोन प्रथिनं वाणागणिक वेगळी निघतात. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या गाड शॉल्स्की आणि ॲडम कुस्पा यांच्या गटाने २००९ साली दाखवलं की निसर्गातून आणलेल्या वाणांमध्ये या जनुकांचा क्रम जितका जास्त वेगळा, तितके ते वाण मिसळल्यावर एकमेकांपासून जास्त फुटून निघतात. एका वाणाचं बी१ आपल्याच वाणाच्या सी१ला घट्ट धरतं, परक्याच्या सी१ला ढिलं धरतं किंवा धरतच नाही.

प्रश्न, शंका, आक्षेप सगळं येऊ द्या.

पाषाणवासी

फार छान लिहिलंत ताई. एक अगदी प्राथमिक प्रश्न. वेताळ टेकडीवर जुलै-ऑगस्टमध्ये कुजक्या ओंडक्यांवर पिवळाजर्द ओलसर थर दिसतो, दुसऱ्या दिवशी तो थोडा सरकलेला असतो. त्यालाही स्लाइम मोल्ड म्हणतात असं ऐकलंय. तो हाच का?

अगरप्लेट (कोथरूड)

नाही, तो दुसरा गट, मिक्सोमायसीट. पिवळा असेल तर बहुधा फुलिगो. तो सगळा थर म्हणजे एकच अवाढव्य पेशी असते, आत असंख्य केंद्रकं, मध्ये पटलांच्या भिंती नाहीत. त्यामुळे पेशीने पेशीला धरण्याचा प्रश्न तिथे येत नाही. डिक्टीच्या पेशी शेवटपर्यंत सुट्या राहतात आणि तरी एक शरीर बनवतात. दोघंही अमीबोझोआ गटातले, बुरशीशी जवळचं नातं नाही. डिक्टीचा देठ मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, त्यामुळे टेकडीवर चालताना डोळ्यांना दिसणार नाही.

संगणकी (हडपसर)

मी या क्षेत्रातला नाही, पण विदा (डेटा) हाताळतो म्हणून खटकलं. "जनुकं जितकी वेगळी तितके वाण वेगळे होतात" हा सहसंबंध झाला. वेगळ्या वाणांमध्ये हजारो जनुकं वेगळी असणार. दूरच्या वाणांत बी१-सी१ही दूरचे असणारच. मग ओळख याच दोघांमुळे होते हे कशावरून?

अगरप्लेट (कोथरूड)

हाच प्रश्न त्या गटालाही होता आणि त्याचं उत्तर २०११ साली सायन्स नियतकालिकात आलं. मला तो प्रयोग इतका आवडतो की थोडं रेंगाळून लिहिते.

बी१ आणि सी१ यांची जनुकं गुणसूत्रावर अगदी शेजारी आहेत, एकमेकांकडे पाठ करून. एक डावीकडे वाचलं जातं, एक उजवीकडे, आणि दोघांना चालू करणारा डीएनएचा तुकडा मध्ये सामाईक. त्यामुळे ती जोडी एकत्र उचलून बदलता येते. डिक्टीच्या जनुकसंचात साडेबारा हजारांच्या आसपास जनुकं आहेत. त्यांनी लॅबमधल्या वाणाची फक्त ही दोन काढली आणि त्या जागी जंगली वाणाची दोन बसवली. बाकी सगळं जसंच्या तसं. नुसती काढून टाकली, काहीच बसवलं नाही, तर पेशी गोळा होतात पण ढिगाच्या टप्प्यापाशी अडकतात, पुढे स्लग नाही, देठ नाही. परक्या वाणाची जुळलेली जोडी बसवली की वाढ पुन्हा पूर्ण होते.

आता हा बदललेला वाण दोन ठिकाणी मिसळायचा. एकदा ज्याच्यापासून तो तयार केला त्या मूळ वाणात, जिथे बाकीची सगळी जनुकं तंतोतंत एक आहेत. आणि एकदा ज्याची जोडी उसनी घेतली त्या जंगली वाणात, जिथे बाकी सगळं परकं आहे. पेशींना वेगवेगळ्या रंगांत चमकणारी प्रथिनं दिलेली असतात, त्यामुळे कोण कुठे गेलं ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. तो आपल्या मूळ वाणापासून फुटून निघाला आणि जंगली वाणात मिसळून गेला. तुमच्या भाषेत सांगायचं तर बाकी सगळे चल स्थिर ठेवून एकच बदलला आणि निकाल उलटला. निष्कर्ष असा की बी१-सी१ची जुळणारी जोडी ओळखीसाठी आवश्यकही आहे आणि पुरेशीही.

याच गटाने २०१३ साली पुढचं पाऊल टाकलं. फुकट्या पेशींना साध्या पेशींमध्ये मिसळलं. जोडी जुळत होती तेव्हा फुकट्यांनी साध्या पेशींना लुबाडलं. जोडी जुळत नव्हती तेव्हा साध्या पेशी वाचल्या, कारण फुकटे त्यांच्या ढिगात शिरूच शकले नाहीत.

संगणकी (हडपसर)

पटलं. मूळ वाणापासून फुटून निघाला हा भाग वाचून थांबलो काही वेळ. धन्यवाद.

रात्रपाळी (औंध)

मी संशोधक विद्यार्थी आहे, विषय वेगळा, पण पेशींचं चिकटणं हाच. ताईंनी जीपी८० दोन ओळींत उरकलं, त्याचा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आज आपण जे गृहीत धरतो ते तिथे सिद्ध झालं.

१९७०च्या सुमारास प्रश्न असा होता की पेशी चिकटण्यासाठी विशिष्ट रेणू असतात, की पटलावरच्या विद्युतभाराचा वगैरे तो सर्वसाधारण परिणाम आहे? जर्मनीतल्या ग्युंटर गेरिश यांनी डिक्टी घेतला. सशात डिक्टीच्या पटलाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. विचार असा, की चिकटवणाऱ्या रेणूवर प्रतिपिंड बसलं तर चिकटणं थांबेल. अडचण ही की प्रतिपिंडाला दोन हात असतात. एका हाताने ही पेशी, दुसऱ्याने ती पेशी, म्हणजे थांबवायचं सोडून तेच पेशींना एकत्र बांधतं. मग त्यांनी प्रतिपिंडं विकराने (एन्झाइमने) कापून एकेका हाताचे तुकडे केले, ज्यांना फॅब म्हणतात. हे तुकडे रेणूवर बसतात, पण दोन पेशींना जोडू शकत नाहीत. १९७३च्या त्यांच्या निबंधात दिसतं की काही फॅब तुकडे पेशी सुट्या करतात, आणि काही तुकडे पटलावर भरपूर बसूनही चिकटण्याला धक्का लावत नाहीत. म्हणजे पटल नुसतं झाकून भागत नाही, नेमकी जागा झाकावी लागते. चिकटण्याला ठरावीक जागा आहेत याचा हा पुरावा. ईडीटीएला न जुमानणाऱ्या जागेला त्यांनी 'संपर्कस्थान ए' म्हटलं, १९७८ साली तिथलं प्रथिन शुद्ध करून वेगळं काढलं, तेच आजचं जीपी८०. पाठ्यपुस्तकात आपल्या शरीरातल्या पेशी चिकटवणाऱ्या कॅडहेरिन प्रथिनांचं प्रकरण मोठं असतं, पण हा पाया उपाशी अमीबांवर घातला गेला आहे.

शिवणटिपण (सदाशिव पेठ)

मी विज्ञानाची नाही, शिवणवर्ग चालवते. मला समजलं ते सांगते, चुकत असेल तर सांगा. जीपी८० म्हणजे दोन्ही बाजूंना एकच तुकडा. आणि बी१-सी१ म्हणजे टिचबटण, एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला खळगा, आणि प्रत्येक पेशीच्या अंगावर दोन्ही प्रकार शिवलेले. वेगळ्या मापाचा जोड आणला तर बटण लागणार नाही. असंच ना?

अगरप्लेट (कोथरूड)

अगदी असंच, आणि वर्गात मी यापुढे हेच सांगणार. एकाच ठिकाणी ते कमी पडतं. बटण लागलं की कापड धरलं गेलं, काम संपलं. इथे लागल्यानंतरच काम सुरू होतं.

२०१७ साली शॉल्स्की-कुस्पा गटाने दाखवलं की बी१ हा ग्राही, म्हणजे निरोप घेणारा, आहे आणि सी१ हा त्याला येऊन भिडणारा संदेश. बी१ची एक शेपटी पेशीच्या आत असते. सी१ बाहेरून भिडलं की त्या शेपटीवर फॉस्फेट चढतो, म्हणजे आत निरोप पोहोचतो. शेपटी कापली तर बी१ बाहेरून शाबूत असूनही निकामी. आणि बी१मध्ये काही असे बदल सापडले की ज्यांनी बी१ काही अंशी सी१ची वाट न बघताच चालू होतं. नुसत्या पकडीवर सगळं अवलंबून असतं तर अशा बदलांचा उपयोग झाला नसता. आणखी एक फरक त्यांनी दाखवला : बी१चा परिणाम ज्या पेशीवर ते आहे तिच्यावरच होतो, सी१चा परिणाम शेजारणीवर होतो. म्हणजे प्रत्येक पेशी सी१ दाखवून शेजारणीला आपली खूण पटवते आणि बी१ने शेजारणीची खूण तपासते. जुळली तरच "आता एकटी नाहीस, शरीर व्हायला लाग" हा निरोप आत जातो. जोडी काढलेल्या पेशी ढिगापाशी का अडकतात ते यावरून कळतं.

जुना_प्राध्यापक (प्रभात रस्ता)

अगरप्लेट, फार समाधान वाटलं वाचून. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून एक समांतर उदाहरण देतो.

कोबीच्या कुळात स्वपरागण टाळण्याची सोय असते. कुक्षीवर एसआरके नावाचं ग्राही प्रथिन, परागकणावर एससीआर नावाचं छोटं प्रथिन. दोन्ही जनुकं शेजारी शेजारी, दोन्ही झाडागणिक बदलणारी, आणि एका झाडाची जोडी एकमेकांशी जुळणारी. इथपर्यंत सगळं तुमच्या डिक्टीचंच वर्णन. पण तिथे जोडी जुळली की कुक्षी परागकणाला नाकारते, कारण जुळणं म्हणजे तो स्वतःचाच आहे आणि स्वतःशी संकर नको आहे. डिक्टीत जुळलं की स्वीकार. अमीबा आणि कोबी यांचा जवळचा संबंध नाही, प्रथिनंही वेगळी, पण आपपर ओळखायला दोघांनी एकच मांडणी उभी केली आणि ती विरुद्ध कामांना लावली.

जनुकं शेजारी का, हेही विद्यार्थ्यांनी समजून घ्यावं. लैंगिक पुनरुत्पादनात गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. ही दोन जनुकं लांब असती तर एका वाणाचं बी१ आणि दुसऱ्याचं सी१ घेऊन संतती जन्मली असती, आणि तिला स्वतःच्याच बहिणी परक्या झाल्या असत्या. शेजारी असल्यामुळे जोडी सहसा फुटत नाही. डिक्टीत मॅक्रोसिस्ट नावाची लैंगिक अवस्था आहे, तेव्हा हा धोका त्यालाही आहेच.

तळजाई

चर्चा उत्तम आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. सगळीकडे "नातलग ओळखतात" असा सूर आहे. वरच्या २०११च्या प्रयोगातच उलटा पुरावा आहे. बदललेल्या वाणाची हजारो जनुकं मूळ वाणाशी एक होती, तरी तो त्याच्यापासून दूर गेला आणि दोनच जनुकं जुळणाऱ्या परक्याला जाऊन मिळाला. म्हणजे पेशी नातं बघतच नाही, एका ठिकाणची खूण बघते. ती खूण ज्याच्याकडे असेल तो आपला. उत्क्रांतीचे अभ्यासक हॅमिल्टन यांनी १९६४ साली अशा जनुकाची शक्यता मांडली होती, जे स्वतःची बाहेर दिसणारी खूण दाखवतं आणि तीच खूण असणाऱ्याला मदत करतं. पुढे त्याला 'हिरवी दाढी' हे नाव पडलं. डिक्टी हे त्याचं उदाहरण आहे, नात्याचं नाही, असं माझं मत.

रात्रपाळी (औंध)

तळजाईदादा, हिरव्या दाढीचं डिक्टीतलं गाजलेलं उदाहरण जीपी८०चं आहे आणि ते तुमच्या बाजूने जातं. २००३ साली क्वेलर, पॉन्टे, बोझारो आणि स्ट्रासमन यांनी जीपी८० असलेल्या आणि नसलेल्या पेशी मिसळल्या. गुळगुळीत अगरवर, म्हणजे लॅबच्या प्लेटमधल्या जेलीवर, जीपी८० नसलेल्या पेशींनी बाजी मारली, बीजाणूंमध्ये त्याच जास्त. पण मातीवर तोच प्रयोग केला तर जीपी८० असलेल्या पेशी एकमेकींना ओढून घेत ढिगाकडे गेल्या आणि नसलेल्या मागे राहिल्या. मातीत एकमेकींना धरून राहणं अवघड, तिथे पकड नसलेली मागेच पडते. प्लेटवरचा निकाल मातीत उलटला, हे मला कायम लक्षात ठेवावंसं वाटतं.

अगरप्लेट (कोथरूड)

तळजाई, तुमचा तर्क प्रयोगशाळेतल्या बदललेल्या वाणापुरता बरोबर आहे. तिथे त्या गटाने खूण आणि नातं मुद्दाम वेगळं केलं. निसर्गात ती दोन क्वचितच सुटी होतात. डिक्टी बहुतेक वेळ साध्या विभाजनाने वाढतो, त्यामुळे शेजारच्या पेशीकडे तीच बी१-सी१ जोडी असेल तर तिच्याकडे बाकी सगळंही तेच असण्याची शक्यता फार मोठी. आणि हे प्रकार अनेक आहेत. सगळ्यांकडे एकच खूण असती तर ती निरुपयोगी ठरली असती, पण जितके प्रकार जास्त तितकं "जुळणं" हे "माझ्याच वंशाची" याच्या जवळ जातं. जीपी८०ची गोष्ट निराळी, तिथे असणं किंवा नसणं एवढंच आहे. खूण बघून नातं ताडणं हे नातं ओळखणंच आहे असं मी धरते. आपण दोघं रेघ वेगळ्या जागी मारतो.

तळजाई

प्रकारांच्या संख्येचा मुद्दा मान्य. पण मग एक कोडं उरतं. एखादा नवा, विरळ प्रकार तयार झाला तर त्याला जुळणारं कुणीच भेटणार नाही. तो ढिगाबाहेर राहणार, नष्ट होणार. ज्याचे सोबती जास्त त्याचाच फायदा. म्हणजे हळूहळू एकच प्रकार उरायला हवा, आणि एकच उरला की ओळखच संपली. इतके प्रकार टिकले कसे?

अगरप्लेट (कोथरूड)

हे कोडं रॉस क्रोझियर यांनी १९८६ साली मांडलं आणि ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. डिक्टीपुरतं त्याचं एक सुंदर उत्तर ह्सिंग-आय हो आणि शॉल्स्की यांनी २०१५ साली दिलं.

त्यांनी विरळ प्रकाराच्या थोड्या पेशी न जुळणाऱ्या मोठ्या गर्दीत टाकल्या. सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे त्या ढिगाबाहेर ढकलल्या गेल्या. पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढच्या टप्प्यात त्या पुन्हा ढिगात सामील झाल्या आणि त्यांनी बीजाणूही केले, साधारण आपल्या मूळ प्रमाणातच. म्हणजे तपासणी सगळ्या वेळ चालू नसते, ढीग जमताना कडक असते आणि पुढे सैल होते. मग उशिरा आत येणारा फुकटा निघाला तर? त्यांनी तेही तपासलं. त्या उशिराच्या टप्प्यात फसवणूकही दबलेली असते. फुकट्याला हात मारायला जी वेळ सोयीची, नेमक्या त्याच वेळी दार बंद असतं. नंतर दार उघडतं तेव्हा आत येऊन फारसं काही लुटता येत नाही. विरळ प्रकार त्यामुळे जगतो आणि विविधता टिकते.

नीलगिरीवारी (बाणेर)

उशिरा दार उघडण्याचा मुद्दा वाचून भारतातलं काम आठवलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंडय्या यांनी अनेक वर्षं या जीवांवर काम केलं. त्यांच्या गटाने तमिळनाडूतल्या मुदुमलैच्या जंगलातून, मातीतून आणि प्राण्यांच्या शेणातून, डिक्टीच्या भावंड जाती वेगळ्या केल्या, त्यात डिक्टिओस्टेलियम जायगँटियम आणि पर्प्युरियम होत्या. २०१०च्या त्यांच्या निबंधाचा सार असा की अगदी जवळजवळ राहणाऱ्या, एकाच गटात जमणाऱ्या पेशी बऱ्याचदा एका वंशाच्या नसतात. निसर्गात मिश्र गट नेहमीचे. तेव्हा "परक्याला बाहेर ठेवतात" हे चित्र आपण फार ठळक करत नाही ना?

अगरप्लेट (कोथरूड)

हे आणलंत ते बरं झालं, कारण या विषयावरची बहुतेक वर्णनं अमेरिकेतल्या एका जातीवर थांबतात. दोन्ही निरीक्षणं मला खरी वाटतात. डिस्कॉइडियमच्या, निसर्गात गोळा केलेल्या देठांवर २००७ साली अमेरिकेत काम झालं, तिथे एका देठातल्या पेशी बहुतांश जवळच्या नात्यातल्या निघाल्या. मुदुमलैत वेगळ्या जाती, वेगळी माती, आणि मिश्र गट. बी१-सी१बद्दल मी जे लिहिलं ते सगळं डिस्कॉइडियमचं आहे, ते जायगँटियमला जसंच्या तसं लावू नये. आणि डिस्कॉइडियममध्येही जुळणी हो किंवा नाही अशी दोन टोकांची नाही. क्रम थोडा वेगळा असेल तर थोडंच वेगळं होणं दिसतं. नंजुंडय्यांचा आग्रह असा की मिश्र गटातही सहकार्य कसं टिकतं हे समजावून सांगता आलं पाहिजे, केवळ नात्यावर बोट ठेवून भागणार नाही. तो आग्रह मला रास्त वाटतो. २०१५चा प्रयोग त्या दिशेनेच जातो.

जुना_प्राध्यापक (प्रभात रस्ता)

सह्याद्रीच्या मातीवर असं काम पुण्यातून व्हायला हवं. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आहे. सूक्ष्मजीव वेगळे करणारी, सांभाळणारी आणि त्यांची जनुकं वाचणारी माणसं इथे दहा किलोमीटरच्या आत बसतात.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

काका, मी आणि माझ्या दोन मैत्रिणी प्रकल्पासाठी विषय शोधतोय. कॉलेजच्या लॅबमध्ये टेकडीवरच्या मातीतून हे मिळवता येतील का? जनुकं बदलणं वगैरे आम्हाला जमणार नाही.

रात्रपाळी (औंध)

मिळवणं जमेल, उपकरणं साधीच लागतात. कॅव्हेंडर आणि रेपर यांनी १९६५ साली दिलेली पद्धत आजही वापरली जाते. थोडक्यात सांगतो.

झाडाखालची, पालापाचोळ्याच्या लगेच खालची माती घ्या. पाऊस पडून गेल्यावर, चिखल नसताना. उघड्या रानापेक्षा दाट झाडी बरी. माती निर्जंतुक पाण्यात हलवून पातळ करा. वाळलेलं गवत उकळून गाळलेल्या पाण्यात अगर घालून प्लेटा ओता. हे माध्यम मुद्दाम गरीब ठेवतात, श्रीमंत माध्यमावर बुरशी सगळं व्यापून टाकते. प्लेटवर मातीचं पाणी थोडं आणि ई. कोलायचा निरुपद्रवी लॅब वाण खाद्य म्हणून पसरा. तापमान २०-२३ अंशांच्या आसपास. मे महिन्यात खोलीत ठेवून हाती काही लागणार नाही, पावसाळ्यात किंवा थंडीत करा, नाहीतर थंड इन्क्युबेटर मागून घ्या. तिसऱ्या दिवसापासून स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली रोज बघा. आधी बॅक्टेरियाच्या थरात स्वच्छ वर्तुळं दिसतील, तिथे अमीबांनी खाल्लेलं असतं. मग धारा, मग देठ.

एका देठाच्या टोकावरचे बीजाणू सुईने उचलून नव्या प्लेटवर नेले की तुमचं पहिलं संवर्धन तयार. पण एका देठात दोन वंश असू शकतात हे वर आलंच आहे. म्हणून ते बीजाणू इतके पातळ करून पसरवा की एकेक वर्तुळ एकाच बीजाणूपासून वाढेल, आणि त्यातून वंश वेगळे करा. एकाच जातीचे दोन वंश हाती आले की ते मिसळून बघता येतात. पेशींना जिवंतपणी रंगवणारे चमकते रंग मिळतात, फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शक कॉलेजात नसेल तर शेजारच्या संस्थेत वेळ मागा. प्रत्येक वंश एकदा या रंगात आणि एकदा त्या रंगात असं दोन्ही करा, म्हणजे रंगामुळे फरक पडत नाही हे कळेल. आणि तोच वंश दोन रंगांत रंगवून स्वतःशीच मिसळलेली प्लेट हवीच, तिच्याशी तुलना केल्याशिवाय बाकीच्या प्लेटांचा अर्थ लावता येणार नाही.

मातीतून आणखीही पुष्कळ काही वाढतं, तेव्हा शिक्षकांच्या देखरेखीखाली करा, प्लेटा घरी नेऊ नका, काम झालं की ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून) मगच टाका.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

सगळं वहीत उतरवून घेतलं. अगरप्लेट ताई, पहिल्या धारा दिसल्या की फोटो इथेच टाकू का?

अगरप्लेट (कोथरूड)

नक्की टाक. आणि माती कुठल्या झाडाखालून घेतली ते लिहायला विसरू नकोस.